सहकुटुंब, सहपरिवार: जिवलग मित्राच्या लग्नाला पहिल्यांदा घरच्यांना घेऊन जाताना

कॉलेज संपल्यावर पहिली काही वर्षं मित्रांची लग्नं सोपी असतात. पाठीवर एक सॅक, कुणाच्या तरी गाडीतली मागची सीट, कार्यालयातल्या गादीवर आडवं व्हायचं आणि सकाळी उठून झब्बा चढवायचा. पुढे आपलं लग्न होतं, मूल होतं, आई-वडिलांचं वय वाढतं. मग मंडळींतल्या शेवटच्या एखाद्या जिवलगाची पत्रिका येते आणि तिच्यावरचे ‘सहकुटुंब, सहपरिवार’ हे शब्द पहिल्यांदाच आपल्याला खरोखर लागू होतात. अशा लग्नाला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी हा लेख आहे.

अशा लग्नात आपल्यावर तीन बाजूंनी हक्क सांगितला जातो. नवरदेवाला किंवा नवरीला आपण जवळ हवे असतो. जुनी मंडळी कितीतरी दिवसांनी एकत्र आलेली असतात, त्यांना आपण कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर हवे असतो. आणि सोबत आलेल्या घरच्यांना त्या गर्दीत आपल्याशिवाय कुणी ओळखीचं नसतं. दोन दिवसांचा प्रत्येक तास या तिघांत वाटता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये. मित्राला आपली खरी गरज लागते असे तास मोजके असतात. ते आधी ओळखायचे, पक्के करायचे आणि उरलेला वेळ बाकीच्यांना मोकळ्या मनाने द्यायचा. पुढचं सगळं त्याच्याच तयारीचं आहे.

पत्रिका नीट वाचा, मग मित्राला फोन करा

पत्रिकेवरचा मुहूर्त म्हणजे शेवटची मंगलाष्टका संपून अक्षता पडायची वेळ. ‘दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी’ असं छापलं असेल तर त्या मिनिटाला आपण हातात अक्षता घेऊन उभे असायला हवं, पार्किंग शोधत नव्हे. गोरज मुहूर्त असेल तर लग्न सूर्यास्ताच्या सुमारास लागतं, जेवणं रात्री होतात आणि परतीचा प्रवास त्याच दिवशी जमत नाही. ‘स्वागत समारंभ’ वेगळ्या तारखेला, वेगळ्या गावी असेल तर दोन्हीकडे जायचं की एकीकडे, हे आत्ताच ठरवा. एकच निवडायचं झालं तर लग्नाला जा. स्वागत समारंभाला मित्र फक्त दिसतो, भेटत नाही.

मग फोन. तिन्हीसांजेला, निवांतपणे, मेसेजवर नाही. विचारायचं एवढंच: ‘तुला मी कुठल्या वेळी तिथे हवा आहे?’ आदल्या संध्याकाळच्या सीमांतपूजनाला की हळदीला? लग्नाच्या सकाळी तयार होताना? की रात्री वरातीनंतर घरी? तो ‘अरे, सगळ्याच वेळी ये’ म्हणेल, तरी जरा खोदून विचारा. बहुतेकांच्या मनात एखादी ठरावीक वेळ असते. कुणाचे वडील नसतात आणि विधींना बसताना शेजारी आपलं माणूस हवं असतं. कुणाला वरातीची धास्ती वाटत असते. हे एकदा कळलं की तिकिटं कधीची काढायची हे आपोआप ठरतं.

त्याच फोनवर तुम्ही किती जण येणार तेही सांगून टाका: मोठे किती, मुलं किती, त्यांची वयं काय, मुक्काम किती रात्री. केटररला पानांचा आकडा आधी द्यावा लागतो आणि आयत्या वेळी वाढलेल्या पानांचा ताण मुलीच्या वडिलांवर येतो. ‘आम्ही दोघं नक्की, आई-बाबांचं नंतर कळवतो’ असं म्हणालात तर नंतर आठवणीने कळवा. फोन ठेवण्याआधी मित्राच्या भावाचा, बहिणीचा किंवा आतेभावाचा नंबर घ्या. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा फोन कुणाच्या पिशवीत असतो हे त्यालाही ठाऊक नसतं.

एक गोष्ट वरवधूंपैकी कुणालाच आधी सुचत नाही, ती तुम्ही विचारा: साक्षीदार कोण? महाराष्ट्रातल्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाह नोंदवताना तीन साक्षीदार लागतात. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी पद्धतीने लग्न असेल तरी तीनच, आणि तिथे आधी ३० दिवसांची नोटीसही द्यावी लागते. जिवलग मित्राने इथे सही करावी यासारखी दुसरी जवळीक नाही. होकार दिलात तर ओळखपत्राची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो सोबत ठेवा आणि नोंदणी कुठल्या दिवशी आहे ते विचारून घ्या. ती बऱ्याचदा लग्नानंतर होते, मग एका दिवसाची रजा लागते.

केळवण तुमच्या घरी करा

या लेखातलं एकच काही पाळायचं ठरवलंत तर हे पाळा. लग्नाआधी मित्राला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला तुमच्या घरी केळवणाला बोलवा.

लग्नात तुमचे घरचे परके वाटण्याचं कारण साधं असतं. तुमची बायको किंवा नवरा त्या मित्राला फोटोंतून आणि किश्श्यांतून ओळखतो, प्रत्यक्ष फारसा नाही. आणि नवी वधू तर तुम्हालाही नवीच असते. केळवणाच्या संध्याकाळी हे सगळे एका टेबलाशी बसतात. तुमचा मुलगा ‘हा काका’ म्हणून त्याच्या मांडीवर चढतो, तुमची आई ‘घे रे अजून एक’ म्हणत पुरणपोळी वाढते. मग लग्नाच्या दिवशी स्टेजवर ओळख करून द्यावी लागत नाही. वधूच तुमच्या बायकोला नावाने हाक मारते.

दाटून आलेल्या तारखांमुळे केळवणाचा दिवस लवकर मागून घ्या. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतले शनिवार-रविवार मामा, मावशी, आत्या, शेजारी यांच्यात वाटले जातात. मधल्या वारी, रात्री आठ वाजता केलेलं केळवणही केळवणच. पाटाभोवती किंवा ताटाभोवती साधी रांगोळी, औक्षण, एक गोड पदार्थ, आणि दोघांना छोटासा आहेर, इतकं पुरतं. जुन्या मंडळींतले जे त्याच शहरात असतील त्यांनाही बोलवा. सगळ्यांनी मिळून एकच केळवण केलं तर मित्राचाही एक दिवस वाचतो. स्वयंपाकाचा भार एकट्या बायकोवर टाकू नका. मित्र तुमचा आहे, तेव्हा निदान अर्धा स्वयंपाक तुमच्या हातचा असायला हवा.

मित्रमंडळींची जमवाजमव

प्रवासासाठी वेगळा ग्रुप काढा आणि त्यात नवरदेवाला घेऊ नका. त्याला आधीच मंडपवाला, बँडवाला, भटजी यांचे फोन असतात. आपल्या गाड्यांची चर्चा त्याने का वाचावी? ग्रुपवर पहिल्याच दिवशी एकाला कारभारी नेमा. ज्याला हिशेब ठेवायला मनापासून आवडतं असा एक जण प्रत्येक टोळक्यात असतो.

आहेर एकत्र करायचा असेल तर रक्कम ठरवताना सगळ्यात कमी पगाराच्या किंवा सध्या अडचणीत असलेल्या मित्राकडे बघून ठरवा. दहा वर्षांत कुणी परदेशात गेलेला असतो, कुणाचा धंदा बसलेला असतो, आणि तो बोलून दाखवत नाही. ज्याला जास्त द्यायचं आहे त्याने आपलं वेगळं पाकीट करावं. ‘कृपया आहेर आणू नये’ छापलं असेल तर ते पाळा आणि दोघं नव्या घरात स्थिरावले की त्यांना लागणारी एखादी वस्तू विचारून द्या.

पाकीट देणार असाल तर ५०१, १००१, २१०१ असा वरचा एक रुपया ठेवायची रीत आहे. दुकानात नाणं चिकटवलेलीच पाकिटं मिळतात. पाकिटावर नुसतं ‘सचिन आणि परिवार’ लिहू नका. पूर्ण नाव, आडनाव आणि गाव लिहा. लग्नानंतर एखाद्या दुपारी मित्राची आई आणि आत्या जमिनीवर बसून ती पाकिटं एकेक करून फोडतात आणि वहीत लिहून घेतात: नाव, गाव, रक्कम. उद्या तुमच्या घरी कार्य निघालं की तीच वही काढून बघितली जाते. नुसतं ‘सचिन’ असेल तर त्या दोघींचा अर्धा तास कुठला सचिन यात जातो.

तिकिटं, गाड्या, पोहोचायची वेळ

चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त सहसा धरत नाहीत. तुळशीचं लग्न झालं की मोसम सुरू होतो, आणि मुलांच्या सुट्टीमुळे एप्रिल-मे सगळ्यात दाट. अधिक महिना आला की तारखा आणखी आखडतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या वर्षीची उन्हाळी लग्नं मेच्या मध्याआधी गर्दी करणार. म्हणजे गाड्याही त्याच दिवसांत भरणार.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. कोकणात लग्न असेल आणि मे महिना असेल तर त्या सकाळी आठ वाजता एकाने संगणकासमोर बसायलाच हवं. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्यांना सुट्टीत उसंत नसते. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलाला बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाही घेतला तर अर्धं. रात्रीच्या प्रवासाला सात-आठ वर्षांच्या मुलाचा बर्थ घ्याच. रात्रभर आखडून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या ऐन वेळी रडतं. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा आई-बाबांचं तिकीट पूर्ण दराचंच धरा.

एसटीचं गणित मात्र कुटुंबाला सोयीचं आहे. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या वर मोफत. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा. पंचवीस-तीस मंडळी एकाच गावाहून निघणार असाल तर आगारात जाऊन प्रासंगिक कराराची चौकशी करा. अख्खी गाडी आपली होते, चालक अनुभवी असतो आणि रात्री परतताना कुणाला स्टिअरिंगवर पेंगत बसावं लागत नाही. जुन्या मित्रांच्या लग्नात हा शेवटचा मुद्दा लहान नाही. आदल्या रात्री सगळे जागलेले असतात, आणि दुपारच्या भरल्या पोटी चार तास गाडी हाकणं धोक्याचं आहे. स्वतःच्या गाडीने गेलात तर परतीला दुसऱ्या सकाळी निघा.

पोहोचायचं कधी? आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आत. लग्नाच्याच सकाळी पोहोचणाऱ्याला मित्र भेटत नाही.

उतरायचं कुठे

मुलाकडच्यांच्या उतरायच्या जागेला अजूनही पुष्कळ ठिकाणी जानवसा म्हणतात. कार्यालयाच्या वरच्या खोल्यांत रांगेने गाद्या घातलेल्या असतात, सात-आठ माणसांत एक न्हाणीघर, गरम पाणी पहाटे पाचला सुरू आणि सातला संपतं. मित्रांसोबत हे आनंदाचं आहे. गुडघे धरलेल्या आईसोबत किंवा दोन वर्षांच्या बाळासोबत नाही. मूल लहान असेल किंवा घरात कुणाला कमोडशिवाय जमत नसेल तर जवळच्या लॉजवर आपल्या खर्चाने खोली घ्या आणि मित्राला आधी सांगा: ‘तुझी व्यवस्था वाईट म्हणून नाही रे, बाळ रात्री उठतं म्हणून.’ हे वाक्य आधी बोललं गेलं नाही तर त्याच्या वडिलांना ते लागतं. कार्यालयात उतरणार असाल तर तळमजल्याची खोली मागून घ्या.

सामानात कपडे तुम्ही भरालच. राहतात ते हे: सेफ्टी पिना भरपूर, सुई-दोरा, एक जादा चादर, कुलूप, चार्जरसोबत एक्स्टेंशन बोर्ड, रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, ओआरएसची पाकिटं, मुलांसाठी घरचा खाऊ आणि जुन्या चपला. नव्या चपला मंडपाबाहेर काढायच्या आणि संध्याकाळी शोधत बसायचं, हे टाळता येतं. हळदीला जुना किंवा पिवळा कपडा न्या, हळदीचा डाग जात नाही. विदर्भात मेमध्ये लग्न असेल तर जरी-रेशीम फक्त मुहूर्तापुरतं ठेवा आणि बाकी वेळ सुती घाला. तिथलं ऊन पाहुण्यांची गय करत नाही.

आदली संध्याकाळ

पोहोचल्यावर आधी मित्राच्या आई-वडिलांकडे जा. सामान नंतर. घरच्या सगळ्यांना सोबत घेऊन जा आणि नाव सांगून ओळख करून द्या: ‘काकू, ही माझी बायको, हा आमचा मुलगा. आणि हे माझे आई-बाबा.’ वाकून नमस्कार करा, मुलांनाही करायला लावा. काकूंनी तुम्हाला हॉस्टेलच्या सुट्ट्यांत जेवू घातलेलं असतं. त्या तुमच्या बायकोचा हात धरून तिला चार जणींत घेऊन जातात, आणि इथून पुढे तिची सोबत तुमच्यावर अवलंबून राहत नाही. दोघांच्या आई-वडिलांची एकमेकांशी गाठ घालून द्या. साठीच्या पुढची माणसं गावं आणि नाती जोडत तास-दीड तास सहज बोलतात.

विधी कुठले होतील ते घराण्यावर आणि प्रांतावर आहे. सीमांतपूजनात मुलीकडचे मुलाकडच्यांचं स्वागत करतात, वराचे पाय धुतात. हळद आधी मुलाला लागते आणि त्याचीच उष्टी हळद मुलीकडे जाते. आगरी-कोळी घरातलं लग्न असेल तर हळदीची रात्र हाच मोठा सोहळा समजा: मटणाचं जेवण, बँड, पहाटेपर्यंत नाच, आणि धवलारीण, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी म्हणणारी बाई, म्हणते ते धवले. हे धवले ऐकायची संधी सोडू नका, नाचाचा आवाज थांबला की धवलारणीच्या जवळ जाऊन बसा. लाउडस्पीकरला मात्र रात्री दहानंतर बंदी असते. दहाला डीजे बंद करा म्हणणाऱ्या काकांशी वाद घालू नका, पोलीस आले तर उत्तर त्यांना द्यावं लागतं.

आता मित्रांच्या बैठकीबद्दल. ती होणारच, व्हायलाच हवी. त्यासाठीच तर माणसं बंगळुरूहून, दुबईहून आलेली असतात. पण जोडीदाराशी घरूनच बोलून ठेवा: आज रात्री मुलं तू झोपव, उद्या सकाळी त्यांची अंघोळ-नाश्ता माझ्याकडे आणि दुपारी तुला झोप. आणि सकाळी ते पाळा. बैठकीत जोडीदारही आले असतील तर पहिला तास किश्शांना आवर घाला. ज्याला संदर्भच माहीत नाही त्याला तुमच्या प्राध्यापकांची नक्कल हसवत नाही. त्याला किंवा तिला विचारा, बोलतं करा. दारूचा बेत असेल तर तो कार्यालयाच्या आवारात नको आणि नवरदेवाला त्यात ओढायला नको. पहाटे त्याला विधींना बसायचं असतं, शेजारी त्याची आजी असते.

रात्री उशिरा, पाहुणे पांगल्यावर, नवरदेव पंधरा-वीस मिनिटांसाठी बैठकीत येतो. अंगाला हळदीचा वास, हातावर मेंदीचा ठिपका, डोळे तारवटलेले. तो येऊन गादीवर बसतो आणि काही वेळ काहीच बोलत नाही. त्या वेळी फोटो काढू नका, चेष्टाही जरा थांबवा. त्याला बोलायचं असेल ते बोलू द्या. लग्नातली त्याची-तुमची खरी भेट ती हीच. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांचा असतो.

लग्नाची सकाळ

सकाळी तुमचं काम मागे उभं राहायचं. वर किंवा वधू बऱ्याच घरांत लग्न लागेपर्यंत उपाशी असतात. त्याच्या आईला विचारून लिंबू सरबत किंवा दूध हाताशी ठेवा. एक मोठा रुमाल, पाण्याची बाटली, त्याचा फोन, घड्याळ आणि बूट, एवढ्यांची जबाबदारी एका मित्राने घ्यावी. बुटांवर करवल्यांचा डोळा असतोच. थोडी ओढाताण होऊ द्या, मग हसून सोडून द्या. पैशांवरून घासाघीस लांबवू नका, तिकडे मुहूर्त चुकतो.

फेटे बांधणारा आला असेल तर मुहूर्ताच्या तासभर आधी रांगेत लागा. लहान मुलांना फेटा शेवटी बांधा, दहा मिनिटांत ती तो काढून टाकतात. तुमच्या वडिलांना फेट्यासाठी आग्रह करून पुढे करा. पाहुण्यांतले वडीलधारे आपणहून रांगेत येत नाहीत, पण बांधला की खूश होतात.

अक्षता मुहूर्ताच्या पाच-दहा मिनिटं आधी वाटतात. त्या मुलांच्या मुठीत देताना सांगा की प्रत्येक ‘सावधान’ला थोड्या थोड्या टाकायच्या, एकदम नाही. आणि वरून, हळुवार. मागच्या रांगेतून जोरात भिरकावलेल्या अक्षता पुढच्यांच्या मानेवर आणि वधूवरांच्या डोळ्यांत जातात. शक्य तितकं पुढे येऊन उभं राहा. अंतरपाटाच्या दोन बाजूंना दोघं, मागे मामा. मंगलाष्टका म्हणणाऱ्या मावशा-काकांची हौस लांबते, ती लांबू द्या. पण भटजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केलं की समजा, हे शेवटचं. फोन खिशात टाका, मुलाला कडेवर घ्या. काही सेकंदांत अंतरपाट दूर होतो, ताशा वाजतो, आणि हार घालायच्या आधी दोघं एकमेकांकडे बघतात ती नजर उघड्या डोळ्यांनी बघण्यासारखी असते. तिचे फोटो काढायला फोटोग्राफर आहेच.

मंगलाष्टकांनंतर थांबा

आता कार्यालयात एक मोठी लाट उठते. अक्षता पडल्या की पाहुणे जेवणाच्या हॉलकडे निघतात. पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या होतात. आणि लग्नाचे मुख्य विधी तर इथून पुढे सुरू होतात: कन्यादान, कंकणबंधन, लाजाहोम, सप्तपदी. ते बघायला उरतात फक्त दोघांचे आई-वडील, दोन-तीन आत्या-मावश्या आणि व्हिडिओवाला.

जिवलगाने इथे बसावं. घरच्यांना एखाद्या मित्राच्या कुटुंबासोबत पहिल्या पंगतीला पाठवा, आई-बाबांचं जेवण वेळेवर होऊ द्या, आणि तुम्ही होमाच्या समोर, धूर येणार नाही अशा बाजूला खुर्ची घेऊन बसा. लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्या अग्नीत जातात. मग तोच भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मानाचा कपडा घेतो. वधूला सख्खा भाऊ नसेल तर चुलत-मामेभाऊ उभा राहतो. कधी कधी कॉलेजातला मित्रही. मैत्रिणीच्या लग्नात असं बोलावणं आलं तर मागे सरू नका. सप्तपदीला तांदळाच्या सात राशींवरून वधू एकेक पाऊल टाकते. भटजी समजुतीचे असले तर प्रत्येक पावलाचा अर्थ सांगतात. सातवं पाऊल सख्याचं, मैत्रीचं मानलं आहे. तिथे समोर जुना मित्र बसलेला असावा हे मला फार योग्य वाटतं.

होम चालला असताना घामाने नवरदेवाच्या मुंडावळ्या सरकतात, उपरणं गळतं, पाय बधिर होतात. उठून ते नीट करायला, पाण्याचा घोट द्यायला, पंखा वळवायला कुणी तरी लागतं. ते तुम्ही करा. मग मित्राच्या घरच्यांसोबत शेवटच्या पंगतीला बसा. जिलेबी गार झालेली असते, पण त्या पंगतीत बसलेला माणूस घरचा.

जेवण

पंगत असेल तर सगळ्यांना वाढून होईपर्यंत, श्लोक म्हणेपर्यंत हात आवरा आणि मुलांनाही आवरायला सांगा. ताटात आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग वरण-भातावर तूप. पुणे-सातारकडे मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी आणि मठ्ठा. खानदेशात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. पहिल्यांदा बट्टी खाणाऱ्यांनी एकच घ्यावी, तुपासह ती पोटाला पुरते. आग्रह झाला तर ‘नको’ म्हणताना ताटावर हात धरा. तोंडी नकाराचा वाढप्यावर परिणाम होत नाही. मुलांच्या ताटात थोडंच वाढायला सांगा, टाकलेलं अन्न मुलीच्या वडिलांना दिसतं. विहिणीच्या पंगतीच्या आसपास रेंगाळू नका. रांगोळी, उदबत्ती, मान-पान असलेली ती पंगत त्या दोन घरांची असते.

स्टेज, पाठवणी, वरात

स्टेजवरच्या रांगेत घाई करून लवकर घुसायची गरज नाही, गर्दी ओसरल्यावर जा. फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा: एक फोटो कुटुंबासह, एक फक्त जुन्या मंडळींचा. दोन्ही एकाच वेळी काढायला गेलं की बायको आणि मुलं कडेला उभी राहतात, तसं होऊ देऊ नका. आहेर नवरदेवाच्या हातात देण्यापेक्षा वही घेऊन बसलेल्या काकांकडे द्या.

मैत्रिणीचं लग्न असेल तर पाठवणी होईपर्यंत थांबा. तिच्या आईजवळ उभं राहायला तुमच्या बायकोला सांगा, तुम्ही वडिलांजवळ राहा. गाडी गेल्यावर ते काही वेळ तिथेच उभे राहतात आणि मग त्यांना एकदम केटररचा हिशेब, राहिलेली भांडी, रुखवताच्या पेट्या आठवतात. त्या पेट्या गाडीत चढवायला दोन तरुण हात हवे असतात. मित्राचं लग्न असेल तर वरातीत नाचा, मनसोक्त. मुलांना खांद्यावर घ्या, फटाक्यांपासून लांब ठेवा. घरी वधू माप ओलांडून आत येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबा, नाव घ्यायला लावा, आणि मग निघा. फार वेळ बसू नका, घर थकलेलं असतं.

परत आल्यावर

कारभाऱ्याने त्याच आठवड्यात हिशेब टाकावा आणि सगळ्यांनी लगेच पैसे पाठवावेत. फोटो एका ठिकाणी गोळा करून दोघांना पाठवा. विशेषतः तुम्ही होमाच्या वेळी काढलेले, कारण त्या वेळचे फोटो पाहुण्यांपैकी दुसऱ्या कुणाकडे नसतात. आठ-दहा दिवसांनी मित्राच्या आईला फोन करा, मित्राला नव्हे. घर रिकामं झालेलं असतं, आणि लग्न कसं झालं हे कुणी तरी विचारावं असं त्यांना वाटत असतं. तुमच्या बायकोलाही बोलू द्या, एव्हाना त्यांची ओळख झालेली असते. आणि दोघं देवदर्शन, फिरणं उरकून परतले की त्यांना जेवायला बोलावण्याची तारीख फोनवरच पक्की करा, त्या वेळी जुनी मंडळी नकोत, फक्त दोन घरं.